कॅम्परला जनरेटर कोणता: गाडीत बसवलेला की पोर्टेबल?

कॅम्पर व्हॅन बनवून घेताना पलंगाची लांबी, ओट्याचा सनमायका आणि पडद्यांचा रंग यांवर आठवडेच्या आठवडे चर्चा होते. जनरेटरचा निर्णय मात्र शेवटच्या दिवशी वर्कशॉपमध्ये उभ्याउभ्या होतो. ‘मागे जागा आहे, तीन केव्हीएचा टाकून देतो,’ असं फॅब्रिकेटर म्हणतो आणि केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता एवढंच ठाऊक असलेले आपण मान डोलावतो. गोव्यात फिरणाऱ्या गाडीसाठी हा निर्णय एकाच प्रश्नावर ठरतो: रात्री एसी कुठे चालवणार आणि किती तास? बाकीचा लोड किरकोळ आहे, नीट बांधलेल्या गाडीत त्याच्यासाठी जनरेटर लागतही नाही.

आधी युनिटचा हिशेब

एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा: चालू असताना किती वॅट, सुरू होताना किती, दिवसाला किती तास. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ५० वॅटच्या आसपास घेतो आणि गोव्याच्या उकाड्यात निम्म्याहून जास्त वेळ चालू राहतो. त्याचं दिवसाला साधारण ०.६ युनिट धरा. बारा व्होल्टचे दोन पंखे रात्रभर अर्धा युनिट खातात. दिवे, मोबाइल आणि लॅपटॉप मिळून ०.४. नारळ वाटायचा मिक्सर ७५० वॅटचा असला तरी तो दिवसाला दहाच मिनिटं फिरतो, म्हणजे युनिटचा आठवा भाग. सगळं मिळून दीड-पावणेदोन युनिट झाले. छतावर ६०० वॅटचे सोलर पॅनल असतील तर डिसेंबरच्या स्वच्छ दिवशी दोन युनिटच्या आसपास मिळतात. जुलैमध्ये तो भरवसा धरू नका. तेव्हा गाडी चालवताना अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर कामी येतो. ३० अँपिअरचा चार्जर तासाला ०.४ युनिट भरतो, म्हणजे पणजीहून काणकोणपर्यंतच्या दोन तासांत पाऊण युनिटच्या वर बॅटरीत जातं.

इंडक्शन (२००० वॅट), किटली (१५०० वॅट) आणि इन्स्टंट गिझर (३००० वॅट) या यादीत असतील तर खोडून टाका. चहा आणि अंघोळीचं पाणी गॅसवर होतं. किटलीसाठी जनरेटरचा साइझ वाढवणं म्हणजे एका नारळासाठी माड विकत घेणं.

आता एसी. एक टनाचा इन्व्हर्टर एसी तापलेली गाडी थंड करताना १००० ते १२०० वॅट ओढतो. गाडी थंड झाल्यावर, भिंतींना चांगलं इन्सुलेशन असेल तर, रात्रीची सरासरी ५०० ते ७०० वॅटवर येते. आठ तासांचे झाले पाच युनिट. १२.८ व्होल्टची ४०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी कागदावर ५.१ युनिटची असते. त्यातली ९० टक्के वापरली आणि इन्व्हर्टरमध्ये आणखी दहा टक्के गेले की हातात सुमारे ४.१ युनिट राहतात. म्हणजे पहाटेचा तास-दीड तास तुटतो. हा तुटवडा कसा भरायचा, याच्या उत्तरातच जनरेटरची निवड आहे.

केव्हीए आणि किलोवॅट यांत फसगत होते

दुकानदार सांगतो तो आकडा बहुतेक वेळा ‘मॅक्सिमम’ असतो, म्हणजे काही मिनिटांपुरता. प्लेटवरचा ‘रेटेड’ आकडा वाचा. २.२ केव्हीए म्हणून विकला जाणारा पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर (इलेक्ट्रॉनिक्सने व्होल्टेज स्थिर ठेवणारा) सलग १.८ केव्हीएच देतो. अशा जनरेटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला किलोवॅट म्हणून मिळणारा भाग, सहसा १ धरतात, म्हणून तो १.८ किलोवॅट समजा. डिझेल सेटवर ०.८ पॉवर फॅक्टर लिहिलेला असेल तर ३ केव्हीए म्हणजे २.४ किलोवॅटच.

सुरुवातीचा झटका वेगळाच असतो. जुन्या पद्धतीचा फिक्स्ड स्पीड एसी असेल तर कॉम्प्रेसर उठताना क्षणभर चालू करंटच्या चार-पाच पट करंट ओढतो. एवढ्यावर छोटा जनरेटर ओव्हरलोड दाखवून हात वर करतो. अशा एसीला सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे कॉम्प्रेसर हळूहळू उठवणारं उपकरण, लावतात. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर आपोआपच हळू उठतो, त्याला सॉफ्ट स्टार्टर लावू नका. त्याचं इलेक्ट्रॉनिक बोर्ड बिघडेल आणि बोर्डाची किंमत सॉफ्ट स्टार्टरच्या कितीतरी पट असते.

बसवलेला जनरेटर: काय पदरात पडतं

गाडीच्या पोटात किंवा मागच्या कप्प्यात पक्का बसवलेला तीन-चार केव्हीएचा सेट, बहुधा डिझेल, वजन ८० ते १४० किलो. आतून बटण दाबलं की सुरू होतो, पावसात बाहेर जावं लागत नाही, चोरीची भीती नाही, आणि डिझेल गाडीच्याच टाकीतून येतं. अर्ध्या लोडवर ताशी पाऊण ते एक लिटर धरून चाला. फॅमिलीसह सलग पंधरा दिवस फिरणारी मोठी बसबॉडी, दोन एसी, किंवा भाड्याने देण्याची गाडी असेल तर बसवलेलाच घ्या. बाकीच्यांनी पुढचं वाचून ठरवावं.

घरासाठी बनवलेला सायलेंट सेट गाडीखाली लटकवू नका. घरचा सेट जमिनीवर एका जागी उभा राहण्यासाठी बनलेला असतो. स्पीडब्रेकर आणि खड्डे यांनी त्याच्या रेडिएटरचे ब्रॅकेट तडकतात, फ्युएल लाइनचे नट ढिले होतात आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगचा आवाज वर्षभरात सुरू होतो. गाडीसाठी बनवलेला सेट मागवताना २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ हे दोन आकडे लेखी घ्या. अमेरिकी आरव्हीसाठीचे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे सेट सेकंडहँड बाजारात स्वस्तात फिरतात. इथे ते तुमच्या एसीच्या उपयोगाचे नाहीत.

बसवून घेताना वर्कशॉपमध्ये उभं राहून बघायच्या गोष्टी अशा.

डिझेलचा पिकअप पाइप, म्हणजे टाकीतून जनरेटरकडे डिझेल ओढणारी नळी, टाकीच्या तळापर्यंत सोडू नका. टाकीत पाव भाग डिझेल उरेल त्या उंचीवर तो संपला पाहिजे. मग रात्रभर जनरेटर चालला तरी सकाळी पंपापर्यंत जाण्याइतकं डिझेल शिल्लक असतं. हा पाइप कापायला पाच मिनिटं लागतात आणि नेमका तोच विसरला जातो.

जनरेटरचा कप्पा राहण्याच्या भागापासून पूर्ण बंद हवा. वायर आणि नळ्या जिथून आत येतात ती भोकं अग्निरोधक सीलंटने भरा. सायलेन्सरचा पाइप गाडीच्या कडेच्या बाहेर यावा, खिडकीखाली किंवा दारापाशी नको, आणि ऑनिंगच्या (गाडीच्या कडेला ताणायच्या कापडी छपराच्या) बाजूला तर मुळीच नको. ऑनिंगखाली धूर साठतो आणि दार उघडलं की आत येतो. पाइपला साध्या लोखंडाच्या (एमएस) ऐवजी स्टेनलेस क्लॅम्प आणि हँगर लावा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत साधा सायलेन्सर दोन-तीन पावसाळ्यांत चाळण होतो. गंजाचं भोक गाडीखाली असल्यामुळे ते दिसत नाही.

हवा आत घेण्याची जाळी मागच्या चाकाच्या मागे ठेवू नका. चाकाने उडवलेली तांबडी माती रेडिएटरच्या पंखांत जाऊन बसते, वाळल्यावर विटेसारखी होते, आणि सेट ‘हाय टेम्परेचर’ दाखवून बंद पडतो. मेकॅनिक मग थर्मोस्टॅट बदलून देतो आणि दुखणं तसंच राहतं.

वजनाचा तोलही पाहा. सेट डाव्या बाजूला असेल तर पाण्याची टाकी उजवीकडे घ्या. मागच्या अॅक्सलच्या फार पलीकडे वजन गेलं तर घाटात गाडी मागे डुलते. अनमोड किंवा चोर्ला घाट चढताना हे पहिल्या वळणावर कळतं.

कागदपत्रांतही फरक पडतो. गाडीत कायम बसवलेली वस्तू हा गाडीतला बदल ठरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबाबत आहे आणि कॅम्परच्या मंजुरीसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. कंपनीने मंजुरी घेऊन बनवलेल्या कॅम्परमध्ये जनरेटर मूळ मंजुरीत असला तर चिंता नाही. नंतर बसवत असाल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. पोर्टेबल जनरेटर म्हणजे सामान, त्याला हे काही लागत नाही.

पोर्टेबल: स्वस्त, हलका, आणि तेवढाच हट्टी

२.२ केव्हीए वर्गातला बंद खोक्याचा पेट्रोल इन्व्हर्टर जनरेटर २० ते २५ किलोचा असतो, एकट्याला उचलता येतो. ३ केव्हीएचा ५०-६० किलोपर्यंत जातो. तो एकट्याने उचलायचा विचार करू नका, चाकांचा घ्या. उघड्या फ्रेमचे लाल-पिवळे जनरेटर निम्म्या किमतीत मिळतात. ते लग्नाच्या मांडवात चालतात, पण त्यांचा आवाज आणि खालीवर होणारं व्होल्टेज लॅपटॉपला आणि शेजाऱ्यांना सोसत नाही.

अडचण टाकीची आहे. २.२ केव्हीए वर्गात टाकी साडेतीन लिटरच्या आसपास असते. एसीची रात्रीची सरासरी ६०० वॅट धरली तर ती सहा-सात तासांत संपते. रात्री दहाला सुरू केलेला जनरेटर पहाटे चार-पाचला बंद पडतो, आणि मग झोपेत, टॉर्च तोंडात धरून, तापलेल्या इंजिनवर पेट्रोल ओतण्याची वेळ येते. आग लागण्याचा यापेक्षा सोपा मार्ग नाही. पेट्रोल भरण्याआधी इंजिन बंद करून किमान पंधरा मिनिटं थांबा.

म्हणून पोर्टेबल जनरेटर रात्रभर एसीला जोडून ठेवणं हा चुकीचा वापर आहे. तो संध्याकाळी पाच ते आठ चालवा, बॅटरी भरून घ्या आणि रात्री एसी बॅटरीवर चालवा. त्यासाठी चार्जर मोठा हवा. ६० अँपिअरचा चार्जर ताशी जेमतेम ०.८ युनिट भरतो, पाच युनिटना सहा तास लागतील. १२० अँपिअरचा चार्जर तेच काम तीन-साडेतीन तासांत करतो, पण जनरेटरमधून सुमारे दोन किलोवॅट ओढतो, म्हणजे ३ केव्हीएचा सेट हवा. २.२ केव्हीए घ्यायचा असेल तर चार्जर ८० अँपिअरच्या वर जाऊ देऊ नका. पैसे वाचवायचे असतील तर ते चार्जरवर वाचवू नका. बहुतेक गाड्यांत जनरेटर दिवसभर गुरगुरत राहतो तो चार्जर छोटा असल्यामुळे.

बसवलेल्या डिझेल सेटलाही हाच नियम लागतो, कारण वेगळं आहे. तीन किलोवॅटचा डिझेल सेट रात्रभर ५००-६०० वॅटवर चालवला तर इंजिन पुरेसं तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये काळ्या तेलासारखं साठतं आणि काही महिन्यांत सेट धूर ओकू लागतो. ३० टक्क्यांहून कमी लोडवर तासन्‌तास चालवू नका.

गोव्यात जनरेटर कुठे ठेवायचा

पोर्टेबल जनरेटर गाडीपासून किमान सहा मीटर दूर, आणि धूर वाऱ्याने गाडीपासून लांब जाईल अशा बाजूला. एवढं सगळीकडे लिहिलेलं असतं. किनाऱ्यावर मात्र वारा रात्री फिरतो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. रात्र चढली की, विशेषतः नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, तोच जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. सूर्यास्ताला गाडीच्या पूर्वेला ठेवलेला जनरेटर मध्यरात्री तुमच्याच खिडकीत धूर सोडत असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंगही नसतो. डोकं दुखणं, चक्कर आणि मळमळ या खुणा माणूस झोपेत ओळखत नाही. बसवलेला असो की पोर्टेबल, झोपण्याच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर लावा आणि त्यावर छापलेली मुदत संपली की बदला. एलपीजीचा डिटेक्टर वेगळा, तो फरशीजवळ, कारण तो गॅस खाली बसतो.

माडाखाली जनरेटर ठेवू नका, गाडीही नको. काजूच्या बागेत मार्च ते मे सुका पाचोळा गुडघ्यापर्यंत साठतो, तिथे सायलेन्सरची झळ पुरेशी असते. दीड मीटर जमीन झाडून घ्या आणि खाली सिमेंटची लादी ठेवा. वाळूवर ठेवाल तर रबर मॅट हवीच, नाहीतर पंखा वाळू आत ओढतो. पावसात चारही बाजूंनी उघडं, जनरेटरपेक्षा मीटरभर उंच छप्पर लागतं. ताडपत्री वरून टाकली तर दहा मिनिटांत सेट गरम होऊन बंद पडेल. गाडीच्या डिकीत झाकण उघडं ठेवून चालवणारेही आहेत. गरम हवा तिथेच फिरत राहते, सेट उकळतो आणि धूर आत येतो. ते करू नका.

आवाजाचा हिशेब सोपा आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. चांगला इन्व्हर्टर जनरेटर सात मीटरवर ५७ डेसिबल करत असेल तर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात: १४ मीटरवर ५१, २८ मीटरवर ४५. गोव्यातल्या वाड्यात दोन घरांत २८ मीटर कुठे असतात? म्हणून कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा कोणाच्या भाटात (माडांच्या बागेत) गाडी लावली असेल तर भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, आधी विचारा आणि रात्री नऊनंतर सेट बंद ठेवा. बऱ्याच होमस्टेंत १६ अँपिअरचा प्लग मिळतो. रात्रीचे पाच युनिट त्यावरून घेतले आणि वेगळे पैसे मोजले तरी पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतं.

गाडी थेट किनाऱ्याच्या वाळूवर नेण्यास गोव्यात बंदी आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हंगामात तिथे रात्री जनरेटर आणि प्रखर दिवा नको.

वायरिंग

इथे कंजुषी केलेली कधी ना कधी दिसतेच. जनरेटरपासून गाडीपर्यंत तीन कोअरची २.५ चौरस मिलिमीटर लवचीक केबल घ्या. १५ मीटरवर १० अँपिअरला सुमारे २.७ व्होल्ट पडतात, चालण्यासारखं आहे. १.५ ची केबल त्याच लोडवर चार व्होल्टच्या वर टाकते आणि रिळावर गुंडाळलेली असली तर तापते. केबल नेहमी पूर्ण उलगडून ठेवा.

गाडीत दोन पोलचा चेंजओव्हर स्विच बसवा: बाहेरचा प्लग, बंद, जनरेटर. दोन्ही बाजूंना प्लग असलेली वायर करून सॉकेटमधून गाडीत वीज सोडणारे असतात. त्यात उघड्या पिना जिवंत राहतात. गाडीच्या इनलेटनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (वीजगळती किंवा ओव्हरलोड झाला की वीज तोडणारा स्विच) हवा. पोर्टेबल इन्व्हर्टर जनरेटरचा न्यूट्रल बहुधा अर्थला जोडलेला नसतो. अशा वेळी आरसीबीओ दिसतो, पण फॉल्टला पडेलच असं नाही, आणि काही चार्जर ‘अर्थ नाही’ म्हणून चालूच होत नाहीत. उपाय जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल-अर्थ जोड देण्याचा आहे, तोही फक्त जनरेटर चालू असताना. हाच जोड गाडीत कायमचा केला तर होमस्टेचा प्लग लावताच तिथला आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडेल. आधी जनरेटरचं मॅन्युअल पाहून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

इंधन आणि देखभाल

विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना एकूण ३० लिटरपर्यंतच बाळगता येतं. ते धातूच्या जेरीकॅनमध्ये ठेवा. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत मागू नका. डिझेलच्या सेटचा खरा फायदा इथे आहे: गाडीत पेट्रोल बाळगावं लागत नाही.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी शोषतं. गोव्याच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर जनरेटर तसाच पडून राहिला तर टाकीच्या तळाशी पाणी आणि इथेनॉल वेगळं होतं, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये हिरवट थर बसतो आणि ऑक्टोबरमध्ये दोरी ओढून खांदा दुखतो. महिन्याभराहून जास्त ठेवायचा असेल तर टाकी रिकामी करा, इंधनाचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू उघडून उरलेले थेंब काढा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दव धरतं. सुती चादर टाका.

पहिलं ऑइल २० तासांनी बदला, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. छोट्या सेटला जेमतेम अर्धा लिटर १०डब्ल्यू-३० लागतं. एअर फिल्टर ५० तासांनी, धुळीत त्याच्याही आधी. बसवलेला सेट वापरात नसला तरी महिन्यातून एकदा अर्ध्या लोडवर तासभर चालवा. किनाऱ्यावरून आल्यावर बाहेरचा भाग गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, पाइपचा झोत मारू नका, आणि टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावा.

खरेदीच्या आधी

आमचा सल्ला असा: ट्रॅव्हलर किंवा विंगरच्या आकाराची गाडी, एक इन्व्हर्टर एसी आणि महिन्यातून दोन-तीन वेळा बाहेर, एवढंच असेल तर ४०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, १२० अँपिअरचा चार्जर आणि ३ केव्हीएचा पोर्टेबल इन्व्हर्टर जनरेटर घ्या. पहाटेचा तुटवडा एसीचं तापमान २६-२७ ठेवून आणि पंखा लावून निघतो. फक्त पंख्यावर झोपणाऱ्यांनी जनरेटर घेऊच नये.

दुकानात सेट पाच मिनिटं मोकळा चालवून दाखवतात, त्यातून काही कळत नाही. हिटर किंवा इस्त्रीसारखा हजार-बाराशे वॅटचा लोड सोबत न्या आणि अर्धा तास चालवायला सांगा. मग बंद करून पाच मिनिटांनी, इंजिन गरम असतानाच, पुन्हा सुरू करायला लावा. गरम असताना उठायला कुरकुरणारा सेट पुढेही हेच करतो. नव्या सेटवर सीपीसीबी-४+ (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण मानकाची) प्लेट आहे का पाहा, अनुक्रमांक बिलावर उतरवून घ्या, आणि बसवलेल्या सेटचे बेल्ट आणि फिल्टर म्हापसा किंवा मडगावात मिळतात का ते पैसे देण्याआधी फोनवर विचारा.